सतरावा रकाना

तीन कंपन्या आल्या कराडला,
ट्रस्टच्या वरच्या मजल्यावर, पोह्यांच्या वासात.
पहिल्याच्या पडद्यावर माणसाचं चित्र होतं,
बोट ठेवाल तिथं लाल होणारं.
पाटणकर मॅडमनी त्याच्या गुडघ्यावर बोट ठेवलं
आणि पटकन काढून घेतलं,
त्याला खरंच दुखलं असतं तर?

मला बोलावलं होतं "गाडीवरच्या" म्हणून.
अकरा वर्षं मी गाडीच्या मागच्या भागात उभी आहे,
एक हात वरच्या दांडीला, एक कुणाच्या तरी मनगटाला.
लिहायला तिसरा हात लागतो.
तो नाही, म्हणून हातमोज्यावरच लिहीत आले:
९०/६०, ३.२५, घाम.
मोजा काढताना उलटा होतो
आणि नोंद आत जाते.
हे कुणाच्याच सादरीकरणात नव्हतं.

"मुख्य तक्रार इथून निवडायची," दुसरा म्हणाला.
छातीत दुखणे. पोटात दुखणे. श्वासास त्रास. इतर.
मी यादी तळापर्यंत सरकवली.
कळ नव्हती, ठणका नव्हता,
चमक, उसण, पेटके, पोटातला गोळा,
आणि जीव कसानुसा होणं नव्हतं,
जे बीपी पडायच्या दहा मिनिटं आधी
पेशंट स्वतःच सांगतो.
"ते 'इतर'मध्ये टाका."
त्याच्या 'इतर'मध्ये अख्खं पाटण खोरं मावलं असतं.

दस्तगीर खुर्ची न घेता दारात उभा,
किल्ली बोटात फिरवत.
"हेळवाकच्या पुढं चालंल का?"
तिसरा म्हणाला, चालेल,
रेंज आली की आपोआप जोडून घेईल.
म्हणून दुपारी त्यालाच गाडीत घातला.

"स्ट्रेचरवर पडा. बसून कळत न्हाई."
पुण्याचा पोरगा, निनाद नाव,
बूट काढून झोपला. मी पट्टे आवळले.
मल्हारपेठेच्या गतिरोधकांवर
माझं बोट 'पुरुष'वर टेकायचं, 'स्त्री'वर पडायचं.
वय सव्वीसचं दोनशे सहासष्ट झालं.
तो हसला. पाटणपर्यंत हसत होता.
पुढं वळणं लागली, रेंजच्या दांड्या
एकेक करून गळाल्या, आणि तो म्हणाला,
"मॅडम, कसंनुसं होतंय."
आरशात दस्तगीरचे डोळे.
मी त्याच्याच टॅबलेटवर त्याचीच तक्रार शोधली.
खाली एक मोकळी चौकट होती, तिथं लिहिली.
मोजा घालून. मराठीत. उमटली.

इथंच ठरलं असतं सगळं.
पण सतरावा रकाना:
'कोणत्या रुग्णालयात पोहोचवले.'
शेजारी लाल चांदणी. भरल्याशिवाय नोंद मिटत नाही.

मला सोनाबाई झोरे आठवल्या,
मार्चातल्या, रात्री दोनच्या.
पाटणच्या अलीकडं लेक म्हणाली,
ताई, मागं फिरवा.
मी समजावलं. तिनं ऐकलं, आणि पुन्हा तेच म्हणाली.
दस्तगीरनं इंडिकेटर दिला,
त्या रस्त्यावर, त्या वेळी, कुणासाठी कोण जाणे.
गाडी वळली तसे म्हातारीनं डोळे उघडले.
वळण ओळखलं तिनं.
कागदावर मी त्या रकान्यावर आडवी रेघ मारली
आणि समासात लिहिलं: घरी.
हिशेबाच्या वहीत ते किलोमीटर
अजून लाल शाईत आहेत.

निनादचं उत्तर आठवड्यानं आलं:
चांदणी काढता येत नाही, अहवाल कोलमडतात.
मात्र रुग्णालयांच्या यादीत
तुम्ही हवं ते नाव जोडू शकता.

आज जोडलं.
अकारविल्हे लावल्यावर ते आपोआप जाऊन बसलं
ग्रामीण रुग्णालयाच्या खाली,
जिल्हा रुग्णालयाच्या वर:
घर.

लगेच नवी चौकट उघडली, तीही सक्तीची.
खाटांची संख्या?
मी थांबले.
दस्तगीर खांद्यावरून वाकून बघत होता.
"एक," म्हणाला, "एक टाका."